ढोलामागे बसलेला

रुचिरा: बाबा, बस ना. आता सुरू होईल.

धाकू: तू मला नाटक म्हणालीस.

रुचिरा: मी कार्यक्रम म्हणाले होते. नाटक तू मनानेच ठरवलंस.

धाकू: रविवारी सकाळी, अंधेरीत, तिकीट काढून कार्यक्रम म्हणजे नाटकच असतं. म्हणून तर इस्त्रीचा शर्ट घातला. आणि इथे येऊन बघतो तर स्टेजवर वेस्ट इंडीजची टीम.

रुचिरा: टीम कसली. पथक आहे ते, कॅरिबियन बेटांवरचं. तिकडची जुनी गाणी, जुने नाच दाखवतात. घरच्या सगळ्यांनी बघण्यासारखं आहे. किती पोरं आलीत बघ.

धाकू: पोरांचं असू दे. त्या स्टेजवर आडवं काय ठेवलंय ते सांग.

रुचिरा: कुठे?

धाकू: पिंप आडवं टाकलंय आणि तोंडावर चामडं ताणलंय. तुला दिसत नाय?

रुचिरा: ढोल आहे तो.

धाकू: हां. चल मग घरी.

रुचिरा: बस खाली. बाजूच्या काकूंना उठावं लागेल, त्यांच्या मांडीवर बाळ झोपलंय.

धाकू: मुद्दाम आणलंस मला.

रुचिरा: हो, मुद्दाम. सांगून आला असतास का? गणपतीत चाळीत ढोलकी वाजली की तू गच्चीवर. शेजारच्या श्रेयसच्या वरातीत ताशा आला, तर तू औषधाच्या दुकानात जाऊन बसलास. आणि दुकानदार काय हवंय विचारत होता म्हणून खोकल्याच्या गोळ्या घेऊन आलास. घरात कोणालाच खोकला नव्हता.

धाकू: पुढे उपयोगी पडल्या त्या.

रुचिरा: बाबा, मी मस्करी नाही करत.

धाकू: मी पण नाय करत. मी ठरवलंय ते ठरवलंय. गावची शिमग्याची पालखी आपल्या दारात बसेपर्यंत ढोलाला हात लावणार नाय.

रुचिरा: हात लावू नकोस. ऐकायला काय जातं?

धाकू: ऐकलं की हात जातो. म्हणून ऐकत नाय.

रुचिरा: आईला गावाहून गावकारांचा, पालखीच्या मानकऱ्यांचा फोन आला होता. सांगितलं का तिने तुला?

धाकू: शिमगा तोंडावर आलाय. फोन येणारच. दरवर्षी येतो.

रुचिरा: ह्या वेळचा वेगळा आहे. आज संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाले. आपल्या अंगणात पालखी नाचते तेव्हा मानाचा पहिला ढोल कोण वाजवणार, तू की अण्णाकाका. दोघा भावांनी मिळून सांगायचं. नाही सांगितलं तर पालखीच्या फेरीतून आपलं दार काढणार. यंदापुरतं नाही, कायमचं.

धाकू: काढू देत.

रुचिरा: हे आईसमोर म्हणशील?

धाकू: तिचा काय संबंध?

रुचिरा: तिचा नाही? वाडीतल्या प्रत्येक घरात पालखी बसते. बायका निरांजन ओवाळून सावकाश ओटी भरतात. आणि आई खण-नारळ घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असते. पालखी समोरून जाते आणि ती चालत्या पालखीत नारळ टाकते, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसा. मला बघवत नाही ते.

धाकू: हळू बोल. दिवे गेले.

रुचिरा: तू विषय टाळतोयस.

धाकू: दिवे खरंच गेले गो.

रुचिरा: बरं, बघ आता. त्या बाईचा घागरा बघ. केवढा घेर आहे. आणि दोन्ही हातांनी कसा खेळवते.

धाकू: आपल्या बायकांना सांग म्हणावं, नऊवारीत असं करून दाखवा. अगो, हे काय? तो माणूस ढोलावरच बसला.

रुचिरा: त्यांची पद्धतच आहे ती.

धाकू: घोड्यावर बसावं तसा बसलाय. आणि टाच लावतोय. चामड्याला टाच लावतोय तो.

रुचिरा: टाच दाबली की आवाज बदलतो. ऐक नीट.

धाकू: ढोलाला पाय? आपल्याकडे चुकून लागला तरी आपण पाया पडतो.

रुचिरा: ते त्यांच्या रीतीने वाजवतात, आपण आपल्या. तू आवाज ऐक.

धाकू: आवाज खोल जातो पण.

रुचिरा: आवडला ना?

धाकू: आवाज खोल जातो म्हटलं. आवडला कधी म्हटलं?

रुचिरा: नाही म्हणालास. ठीक आहे.

धाकू: आणि तो दुसरा कोण? त्या पहिल्याच्या पाठीमागे बसलाय, दोन काठ्या घेऊन.

रुचिरा: तो त्याच ढोलाच्या लाकडावर काठ्या वाजवतोय.

धाकू: त्याला स्वतःचा ढोल नाय?

रुचिरा: एकच आहे, बाबा. दोघं मिळून एकच वाजवतात.

धाकू: असं कसं? मग मान कोणाचा?

रुचिरा: मला काय माहीत.

धाकू: विचार की कोणाला तरी.

रुचिरा: चालू कार्यक्रमात कोणाला विचारू? गप्प बघ ना.

धाकू: ती निवेदन करणारी काय म्हणाली आता? फाडफाड इंग्रजी बोलते, मधेच हसते, काही कळत नाय.

रुचिरा: आता हसत नव्हती ती. म्हणाली, यांच्या पणज्या-खापरपणज्यांना आफ्रिकेतून धरून नेलं, बोटीत कोंबून. उसाच्या मळ्यांत राबवलं. आणि बऱ्याच ठिकाणी मालकांनी ढोल वाजवायला बंदी केली. तरी ते लपूनछपून वाजवत राहिले. दारूच्या रिकाम्या पिंपांवर चामडं ताणायचं आणि वाजवायचं.

धाकू: मालकाला ऐकू जात नसेल?

रुचिरा: जात असेलच. मारही खात असतील. गाव सुटलं, बोली सुटली, पण वाजवणं सोडलं नाही म्हणे.

धाकू: काढून घेतला तरी सोडला नाय.

रुचिरा: हं.

धाकू: आपला तर कोणी काढून पण घेतला नव्हता.

रुचिरा: काय म्हणालास?

धाकू: काय नाय. समोर बघ.

रुचिरा: बाबा, तुझी बोटं.

धाकू: काय झालं बोटांना?

रुचिरा: माझ्या पर्सवर वाजतायत.

धाकू: मग पर्स काढ तिथून.

रुचिरा: राहू दे. वाजव.

धाकू: आता काय, पोरांना वर बोलावतायत?

रुचिरा: हो. ज्याला यायचंय त्याने या म्हणाली. ती बघ, पिवळ्या फ्रॉकवाली. तिच्या हातात काठ्या दिल्या.

धाकू: मागे बसवली तिला. अगो, चुकतेय ती. ठेका सोडून कुठच्या कुठे चालली.

रुचिरा: लहान आहे रे.

धाकू: लहान आहे ते ठीक. पण तो म्हातारा बघ. तो पुढे बसलेला. आपला ठेका तिच्या मागे न्यायला लागला. ती जाईल तिकडे हा जातो. आणि आता हळूहळू परत आणतोय तिला. बघ, आणली. रुचिरा, आणली बघ त्याने.

रुचिरा: बाबा, तू रडतोयस?

धाकू: एसी जोरात आहे.

(कार्यक्रम संपल्यावर, नाट्यगृहाबाहेरच्या पायऱ्यांवर. समोरून मेट्रोचा पूल गेलेला.)

रुचिरा: घे, चहा घे. साखर कमी सांगितली.

धाकू: कुठे गेली होतीस एवढा वेळ?

रुचिरा: तूच म्हणालास ना विचार म्हणून. त्या निवेदन करणारीला गाठलं. तिने त्या म्हाताऱ्यालाच विचारलं, दोघांत मान कोणाचा.

धाकू: काय म्हणाला?

रुचिरा: आधी खूप हसला. त्याला प्रश्नच कळेना. मग म्हणाला, पुढे बसलेला बोलतो आणि मागे बसलेला त्याला सांभाळतो. मागचा थांबला तर पुढच्याला कळणार नाही आपण कुठे आहोत.

धाकू: बरोबर आहे.

रुचिरा: तुला कळलं?

धाकू: न कळायला काय झालं. आम्ही तसंच शिकलो. तुझ्या आजोबांचा, आबांचा ढोल पडवीत खाली ठेवायचा. ह्या तोंडाला अण्णा, त्या तोंडाला मी. त्याच्या हातात जाड टिपरू, माझ्या हातात बारकी काठी. माझा हात फार पळायचा. आबा समोर असते तर शिव्या घातल्या असत्या. अण्णा काही बोलायचा नाय. नुसतं टिपरू जरा जोरात मारायचा. मला कळायचं, आपण लांब गेलो, परत यायचं.

रुचिरा: हे मला कधी सांगितलं नाहीस.

धाकू: तू कधी विचारलंस? तुम्हा पोरांना फक्त भांडण ठाऊक.

रुचिरा: ते बघितलंय मी. अंगणात उभी होते. पालखीवाले खांद्यावर पालखी घेऊन उन्हात ताटकळले होते. अण्णाकाकांच्या हातात ढोलाचा पट्टा, तुझ्या हातात टिपरू. एकाकडे ढोल, एकाकडे टिपरू. मग वाजवणार कोण? शेवटी पालखी पुढे निघून गेली.

धाकू: आबांनी जिवंतपणी आपल्या गळ्यातला ढोल काढून माझ्या गळ्यात घातला होता.

रुचिरा: आणि अण्णाकाका म्हणतात, मी मिलमध्ये ड्युटीवर होतो, सुट्टी मिळाली नाही, म्हणून तुझ्या गळ्यात घातला. मी थोरला, मी असतो तर मला दिला असता.

धाकू: आता कोणाला विचारणार? आबा गेले. मिल पण गेली.

रुचिरा: मग तेच धरून बसायचं?

धाकू: मला भांडण कुठे हवं होतं गो. मला वाटायचं, मला ढोल हवाय. पण ढोल पण नाय, मला ते अंगण हवंय. गुलालाने लाल झालेलं. पालखी खांद्यावर नाचतेय, तुझी आजी खांबाला धरून उभी आहे, आणि बाजूला अण्णा. आपल्या जोगेश्वरीत होळी पेटली ना, की मला त्या अंगणाचा वास येतो. मी तुझ्या आईला म्हणतो, खिडकी लाव, धूर येतोय. धूर नाय येत. माझा जीव तिकडे ओढतो, म्हणून लावायला सांगतो.

रुचिरा: तिला माहीत आहे ते. धूर नसताना पण ती खिडकी लावते ना.

धाकू: ही गाडी घाटकोपरला जाते ना?

रुचिरा: मेट्रो? हो. शेवटचं स्टेशन घाटकोपर, अण्णाकाकांचं.

धाकू: एवढी वर्षं डोक्यावरून जातेय. एकदा पण बसलो नाय.

रुचिरा: हर्षददादाला फोन लावू?

धाकू: कशाला?

रुचिरा: अण्णाकाकांना द्यायला सांगते.

धाकू: थांब. चहा संपू दे.

रुचिरा: कप रिकामा आहे, बाबा. मघापासून रिकामाच कप तोंडाला लावतोयस.

धाकू: मी काय बोलू त्याच्याशी?

रुचिरा: तुला जे बोलायचंय ते. वाजतोय फोन. हॅलो, दादा? मी रुचिरा. अण्णाकाका आहेत? बाबा बोलतोय त्यांच्याशी. हो रे, बाबाच. थट्टा नाही करत. दे त्यांना, मी स्पीकरवर टाकते.

अण्णा: कोण आहे?

धाकू: मी.

अण्णा: मी कोण?

धाकू: धाकू.

अण्णा: आवाज जाड झाला तुझा.

धाकू: वय झालं.

अण्णा: तुझं वय झालं, मग माझं काय झालं असेल? बोल.

धाकू: वहिनी बऱ्या?

अण्णा: बरी आहे. देवळात गेली आहे. वहिनीची चौकशी करायला तू फोन करायचा नायस.

धाकू: गावकारांचा फोन आला होता.

अण्णा: मला पण आला.

धाकू: अण्णा, तुझं नाव दे त्यांना.

अण्णा: काय म्हणालास?

धाकू: तुझं नाव दे. ढोल तुझ्या गळ्यात. मी त्या तोंडाला उभा राहतो, बारकी काठी घेऊन. पडवीत वाजवायचो तसं.

अण्णा: हे कोणी डोक्यात भरवलं तुझ्या?

धाकू: वेस्ट इंडीजवाल्यांनी.

अण्णा: सकाळी सकाळी घेऊन बसलायस काय?

रुचिरा: नाही हो काका. आम्ही त्यांचा कार्यक्रम बघायला आलो होतो. तिथे एका ढोलावर दोघं वाजवतात. बाबा ते बघून बोलतोय.

अण्णा: अस्सं.

धाकू: मग देतोस ना नाव?

अण्णा: नाय. माझं नको.

धाकू: का? आता अजून काय हवंय तुला? मी स्वतःहून मागे उभा राहतो म्हणतोय.

अण्णा: ऐकून घेशील? माझा उजवा खांदा गेलाय. हात वर होत नाय. मानेला पट्टा आहे, शर्टाचं बटण पण तुझी वहिनी लावते. ढोल गळ्यात घातला तर मी ढोलासकट पालखीपुढे आडवा होईन. तुझं नाव दे.

धाकू: मला कोणी सांगितलं नाय.

अण्णा: मीच सांगू दिलं नाय. तुला कळलं असतं तर तू जिंकला असतास.

धाकू: असा कसा जिंकलो असतो?

अण्णा: ते आता तू म्हणतोस. तेव्हा काय म्हणाला असतास कोण जाणे.

धाकू: डॉक्टर काय म्हणतो?

अण्णा: व्यायाम कर म्हणतो. भिंतीवर बोटं चालव म्हणतो. रोज भिंतीवर मुंगीसारखी बोटं चालवतो मी. तू तुझं नाव दे आणि मोकळा हो.

धाकू: नाय. तुझंच देणार. थोरला तू आहेस.

अण्णा: अरे पण आबांनी गळ्यात तुझ्या घातला.

धाकू: तू ड्युटीवर होतास म्हणून.

अण्णा: हे तू बोलतोस?

धाकू: मीच बोलतोय. ते नाव तुझं.

अण्णा: मी सांगतो ते ऐकायचंच नाय तुला. लहानपणापासून असाच आहेस.

रुचिरा: काका, बाबा, आता ह्यावरून नका भांडू. गावकारांना मी काय सांगू?

अण्णा: दोन्ही नावं सांग.

रुचिरा: ते एक मागतायत.

अण्णा: एक ढोल आहे म्हणावं, आणि वाजवणारे दोघं. ढोल धाकूच्या गळ्यात, मी त्या तोंडाला. डावा हात चालतो अजून माझा. पटत असेल तर थांबा म्हणावं दारात, नाय तर जा पुढे.

धाकू: थांबतील.

अण्णा: आणि तुझ्या जानकीला सांग, ओटीची तयारी घरात कर. रस्त्यावर नको.

धाकू: तुला काय ठाऊक ती रस्त्यावर उभी राहते ते?

अण्णा: मी पण शिमग्याला येतो ना. वाडीच्या वळणावर उभा असतो. तिथून दिसते.

धाकू: मला कधी दिसला नायस.

अण्णा: तू बघायचास कुठे? मान खाली घालून असायचास. धाकू, ढोल इथे कपाटावर आहे. शिमगा आला की खाली काढतो, पुसतो आणि परत ठेवतो. आज सकाळीच काढलाय. हे ऐक.

धाकू: परत मार.

अण्णा: ऐकू आलं?

धाकू: चामडं पार सैल पडलंय, अण्णा.

अण्णा: पडणारच. दोऱ्या ओढायला घेतल्या, एका हाताने होईना. हर्षद ओढतो म्हणाला, पण त्याला कुठे थांबायचं ते कळत नाय. त्या कामाला दोघं लागतात. एकाने ओढायचं, दुसऱ्याने वाजवून बघायचं.

धाकू: टिपरू माझ्याकडे आहे, जोगेश्वरीला. आधी घरी जातो, ते घेतो, मग निघतो.

अण्णा: टिपऱ्याचं मग बघू. तू आधी ये.